आकडा कमी करा म्हटल्यावर मुलं जातात कुठे?

पैलतीर
वेल्समध्ये एका कौन्सिलच्या (म्हणजे आपल्या महापालिका-जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेच्या) मुलांच्या विभागात नोकरी करते, त्यामुळे हा विषय रोजच्या पोटापाण्याचा. आई-वडिलांकडे सुरक्षित नसलेलं मूल इथे कोर्टाच्या हुकमाने किंवा पालकांच्या संमतीने कौन्सिलकडे येतं. मग त्याची शाळा, दातांचा डॉक्टर, पासपोर्ट, सगळं कौन्सिलने बघायचं. वेल्समधल्या २२ कौन्सिलांकडे मिळून अशी २०१८ मध्ये चौसष्टशेच्या आसपास मुलं होती. लोकसंख्या जेमतेम ३१ लाख, म्हणजे प्रमाण इंग्लंडपेक्षाही जास्त. मार्क ड्रेकफर्ड वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे) झाल्यावर २०१९ मध्ये सरकारने प्रत्येक कौन्सिलला सांगितलं, तीन वर्षांत संख्या किती कमी करणार त्याचा आराखडा द्या. 'सुरक्षितपणे' हा शब्द अर्थातच घातलेला होता. झालं काय, तर २०२० मध्ये संख्या सात हजारांच्या पुढे गेली.

आणि सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने आठ राज्यांना लिहिलं की बालगृहातली मुलं १०० दिवसांत घरी पोचवायचं बघा. त्या आठांत महाराष्ट्र होता. देशातल्या संस्थांमधली सत्तर टक्क्यांहून जास्त मुलं याच राज्यांतली.

तर प्रश्न असा : संख्या कमी करणं हे उद्दिष्ट म्हणून ठेवावं का? की इतर गोष्टी नीट झाल्या तर संख्या आपोआप उतरेल, आणि उतरली नाही तर नाही? या धाग्यावर भारतात जिल्ह्यात हे काम केलेलं कुणी असेल तर वाचायला आवडेल. तत्त्वज्ञान माझ्या ऑफिसात भरपूर मिळतं.

आळशी_मांजर
आमच्या महापालिकेने भटक्या कुत्र्यांचा आकडा कमी केला होता. आकडा खरंच कमी झाला. कुत्री आहेत तिथेच आहेत.

रानवारा
मांजरा, विषय काय, तू बोलतोस काय.

आळशी_मांजर
कुत्र्यांबद्दल नाही बोललो, आकड्याबद्दल बोललो. पण बरं, गप्प बसतो.

टंकलेखक
गप्प नका बसू, तुम्ही बरोबर बोललात. मी महिला व बाल विकासच्या जिल्हा कार्यालयातून निवृत्त झालो. जिल्हा कुठला ते विचारू नका.

पैलतीर ताई, १०० दिवसांचं पत्र येण्याआधीच निम्मं काम करोनाने करून टाकलं होतं. मार्च २०२० नंतर संस्थांत गर्दी नको म्हणून ज्यांना कुणी ना कुणी आहे त्यांना पाठवायला सुरुवात झाली. सुप्रीम कोर्टापुढे डिसेंबरमध्ये जो देशाचा आकडा आला तो असा : संस्थांत २,२७,५१८ मुलं होती, त्यातली १,४५,७८८ घरी किंवा पालकांकडे पाठवली. म्हणजे तीनातली जवळपास दोन.

आता कार्यालयात हे कसं दिसायचं ते सांगतो. रोज संध्याकाळी वरून फोन : आज किती? एक तक्ता होता. संस्थेचं नाव, एकूण मुलं, घरी पाठवलेली, शिल्लक. 'शिल्लक' हा रकाना मी बनवलेला नाही, वरूनच आला होता. पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं, त्याला रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते काम होत नाही, एवढं नोकरीत शिकलो.

आमचे लोक वाईट होते असं मुळीच नाही. संरक्षण अधिकारी एक, गाडी नाही, तालुके पंधरा. मूल पोचवायला पोलीस बरोबर हवा, तो बंदोबस्ताला. शेवटी बापालाच फोन करून बोलवायचं आणि ताबा पावतीवर अंगठा घ्यायचा.

अंजनेरी
बापरे. सुप्रीम कोर्टाने काही पैसे द्यायला सांगितलं होतं ना?

टंकलेखक
हो. घरी गेलेल्या प्रत्येक मुलाला शिक्षणासाठी महिना २००० रुपये, कुटुंबाची परिस्थिती बघून. शिवाय ऑनलाइन शिक्षणासाठी साधनं संस्थांना पुरवा म्हणून सांगितलं. पण ज्याचं बँकेत खातं नाही त्याला पैसे कुठे टाकणार? खात्याला आधार, आधारला जन्माचा दाखला. आमच्याकडची निम्मी मुलं तिथेच अडकली होती.

देशमुख_वाड्यावरचे
मला तर परदेशातल्या या कौन्सिल वगैरे प्रकारांची भीतीच वाटते. नॉर्वेची केस आठवते ना? २०११ मध्ये भारतीय जोडप्याची दोन मुलं सरकारने उचलून नेली. हाताने भरवतात, एका खाटेवर झोपवतात, म्हणे गुन्हा! आपल्या परराष्ट्र खात्याला मध्ये पडावं लागलं. पैलतीर, तुमच्याकडेही हेच चालत असणार.

पैलतीर
देशमुखकाका, नॉर्वे वेगळा देश, वेगळा कायदा, आणि त्या केसमधली सगळी कागदपत्रं तुम्हीही वाचली नाहीत, मीही नाही. इथे कौन्सिलला मूल परस्पर उचलता येत नाही. कोर्टात सिद्ध करावं लागतं की मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे. कोर्टाने साधारण २६ आठवड्यांत निकाल द्यायचा. त्यात मुलाचा वेगळा वकील असतो, पालकांचा वेगळा.

पण तुमच्या भीतीत एक खरी गोष्ट आहे. ऑगस्ट २००७ मध्ये लंडनच्या हॅरिंगे भागात 'बेबी पी' म्हणून ओळखलं गेलेलं सतरा महिन्यांचं बाळ घरात मारहाणीने गेलं. डॉक्टर, पोलीस, सोशल वर्कर, सगळे त्या घरी जाऊन आले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये निकाल लागला, वर्तमानपत्रांनी सोशल वर्करना फाडून खाल्लं, आणि त्यानंतर देशभर मुलं ताब्यात घेण्याचे अर्ज धाडकन वाढले. रातोरात आई-बाप बिघडले नव्हते, आम्ही घाबरलो होतो. मूल आणलं आणि ते उगाच आणलं गेलं, तर पेपरात येत नाही. मूल घरीच ठेवलं आणि काही झालं तर नोकरी जाते. आकडा वर जाण्यामागे ही भीती आहे, आणि ती आराखडा मागवून जात नाही.

मीठभाकर
मी बीड जिल्ह्यातला. आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळीला उचल घेतलेली असायची, मग मुकादम सांगेल त्या कारखान्यावर. एप्रिल-मेला परत. माझी आजी होती तोवर मी गावात. ती गेल्यावर एका बालगृहात नाव घातलं. अनाथ म्हणून नाही, 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणून. आईबाप जिवंत, प्रेमळ, दारू नाही, मारहाण नाही. फक्त सहा महिने घराला कुलूप.

आता मला घरी पाठवा म्हणजे कुठे पाठवा? फडावर? पाठवलं असतं तर तुमच्या तक्त्यात एक कमी, आणि फडावर वाढं (उसाचे शेंडे) गोळा करणारा एक जास्त. मला कुणी वाचवायची गरज नव्हती. जेवण आणि शाळा एका जागी हवी होती.

गोदाकाठ
मीठभाकर यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी एका जिल्ह्यात बाल कल्याण समितीवर (अशा मुलाने कुठे राहायचं ते ठरवणारी समिती) एक मुदत, म्हणजे तीन वर्षं, होते. थोडं लांब लिहिते.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या अगदी सुरुवातीला, कलम ३ मध्ये लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. कलम ४० म्हणतं, मुलाला कुटुंबात परत नेऊन बसवणं हेच प्रत्येक बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट. कागदावर आपला कायदा कुठल्याही कौन्सिलपेक्षा कमी नाही. अध्यक्ष आणि चार सदस्यांची समिती, महिन्याला किमान वीस दिवस बैठक. मूल सापडल्यापासून २४ तासांत समितीपुढे, पंधरा दिवसांत सामाजिक चौकशी अहवाल, चार महिन्यांत अंतिम निर्णय. संस्थांवर लक्ष ठेवायला जिल्ह्याची निरीक्षण समिती, तिने तीन महिन्यांतून एकदा तरी जायचं, तिच्यात एक डॉक्टर हवा. आणि बाल कल्याण समितीवर लक्ष ठेवायला कलेक्टर. २०२१ च्या दुरुस्तीने कलेक्टरांचे अधिकार आणखी वाढले, २०२२ पासून दत्तकाचे आदेशही कोर्टाऐवजी तेच देतात.

मग अडतं कुठे? संस्थांचं अनुदान मुलांच्या डोक्यावर मोजलं जातं, तिथे. मुलं कमी झाली की संस्थेचा स्वयंपाकी जातो, मग काळजीवाहक जातो. त्यामुळे मूल घरी जावं असं संस्थाचालकाला मनातून वाटत असलं तरी हिशोबाला ते परवडत नाही. प्रत्येक संस्था लबाड नसते, मी चांगली माणसं पाहिली आहेत. पण घरी गेलेल्या मुलाच्या पाठपुराव्याचे पैसे जोवर संस्थेला मिळत नाहीत तोवर बसलेल्या मुलाचेच मिळणार.

दुसरं, गरिबी. समितीपुढे येणाऱ्या आयांमधल्या बहुतेक विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या होत्या. घरकामाला जायचं, पोरीला एकटी कशी ठेवू, हाच प्रश्न. त्या मुलीला धोका आईपासून नव्हता. तिथे बालगृहाचा आदेश काढायच्या आधी आम्ही बालसंगोपन योजनेचा, म्हणजे मूल घरीच सांभाळायला राज्याकडून मिळणाऱ्या पैशाचा, अर्ज भरून घ्यायचो. तेव्हा महिन्याला ४२५ रुपये मिळत. ४२५ मध्ये कुठली आई मूल घरी ठेवणार? पुढे ते ११०० झाले आणि २०२३ पासून २२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशीच मदत, तिला प्रायोजकत्व म्हणतात, महिना ४००० आहे, पण उत्पन्नाची अट कडक : खेड्यात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. एक कामवाली दोन घरं जास्त धरली की अटीबाहेर.

लीड्सकर
गोदाकाठ, उत्तम प्रतिसाद. खूण करून ठेवतोय.

मी आयटीवाला, पण बायको लीड्सच्या एका शाळेत आहे, त्यामुळे थोडं कानावर. २०१० नंतरच्या दशकात इंग्लंडभर आकडा चढत असताना लीड्समध्ये तो काही वर्षं उतरत गेला, म्हणून ते शहर गाजलं. त्यांनी एक गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. मूल काढून घ्यायचा विचार सुरू झाला की आधी सगळ्या नातेवाइकांना एका खोलीत बोलवायचं. आजी, मावशी, काका, शेजारीण, चर्चमधली कुणी. अडचण सांगायची, काय झालेलं चालणार नाही तेही सांगायचं, आणि मग सोशल वर्करने चक्क खोलीबाहेर जायचं. आराखडा घरच्यांनी करायचा. ही पद्धत मूळ न्यूझीलंडची, तिथे १९८९ मध्ये माओरी समाजाच्या आग्रहातून कायद्यातच आली.

आळशी_मांजर
म्हणजे भावकी बसवायची. आमच्याकडे भावकी बसली की पहिल्या पाच मिनिटांत बांधाचा विषय निघतो. पोर राहतं बाजूला.

लीड्सकर
हाहा. तिकडेही भांडणं होतातच. पण बायको म्हणते, ज्या आजीला कुणी कधी विचारलंच नव्हतं ती उठून उभी राहते. पुढे लीड्सचाही आकडा पुन्हा चढला, हेही सांगितलं पाहिजे. करोना, महागाई, कौन्सिलांची रिकामी तिजोरी.

पैलतीर
आज्यांवरून एक. इथे आजीने विशेष पालकत्वाचा आदेश घेतला की मूल 'कौन्सिलकडचं' राहत नाही. आकड्यातून वजा. मूल त्याच आजीकडे, त्याच पलंगावर. बदलतं एवढंच की आमचं नियमित येणं बंद होतं आणि भत्ता बरेचदा कमी होतो. अनेक आज्यांना हेच हवं असतं, दर महिन्याला कुणीतरी फाइल घेऊन येणं नको असतं. पण काहींना आम्ही तिकडे ढकलतो, आणि त्याला 'सुरक्षित घट' म्हणतो.

वेल्सची आणखी एक गंमत. इथे कोर्टाचा हुकूम असूनही आई-बापाच्या घरीच राहणारी मुलं बरीच आहेत, इंग्लंडपेक्षा प्रमाण जास्त. कायद्याने कौन्सिलचं, प्रत्यक्षात स्वतःच्या घरी. अशा मुलांचे हुकूम कोर्टातून रद्द करून घेतले तर आकडा खरोखर सुरक्षितपणे उतरतो. पण त्याला कोर्टाची तारीख, अहवाल, माणूस लागतो, आणि तो माणूस आज नव्या आणीबाणीच्या केसवर असतो. करायला सोपं दिसणारं काम सगळ्यात मागे राहतं.

अंजनेरी
एक शंका. एकदा कौन्सिलकडे आलं की त्या मुलाकडे पुन्हा कोण बघतं? म्हणजे विसरून जात नाहीत ना?

पैलतीर
नियमाने नाही. केसबाहेरचा एक स्वतंत्र आढावा अधिकारी असतो. पहिला आढावा २० कामाच्या दिवसांत, दुसरा त्यानंतर तीन महिन्यांत, मग दर सहा महिन्यांनी. या मुलाला आता घरी का पाठवत नाही, हे तिथे विचारायचंच असतं. तो कौन्सिलचाच पगारी माणूस असल्यामुळे किती स्वतंत्र, यावर माझ्या ऑफिसात वेगळा धागा निघेल.

शिरीषफूल
बरेच दिवस नुसती वाचते इथे. हा धागा बघून लिहिते.

मी बालगृहात वाढले, आठव्या वर्षापासून. तेराव्या वर्षी काकांकडे पाठवलं. गृहचौकशीच्या कागदात 'कुटुंब अनुकूल' असं होतं. खोटं नव्हतं. काकांचं घर पक्कं, काकूचा स्वभाव बरा, घरात टीव्ही. मला विचारलं, जायचंय का? सगळे समोर बसलेले असताना विचारलं. मी हो म्हटलं. तेरा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार?

पहिलं वर्ष ठीक गेलं. मग काकूला तिसरं बाळ झालं आणि माझी शाळा कधीमधी, नंतर बंद. सोळाव्या वर्षी स्थळ बघायला लागले. शाळेतल्या जुन्या बाईंनी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला म्हणून सुटले. तोवर मधल्या काळात कुणी म्हणजे कुणी आलं नाही. टंकलेखक काकांनी रकान्याचं लिहिलंय ना, तो रकाना माझा होता.

याच्या उलटही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही घरीच पाठवू नका म्हणते. माझ्या शेजारच्या कॉटवरची मुलगी आजीकडे गेली. आजी भाजी विकायची. तिला बालसंगोपनाचे पैसे लागले आणि संस्थेच्या ताई सहा महिने तरी जात राहिल्या, स्वतःच्या एसटीच्या पैशाने. ती आज नर्स आहे, मला आजही राखीला आजीच्या हातचं धपाटं पाठवते.

मुलाला एकट्याला विचारा. आणि पुन्हा विचारा, तीन महिन्यांनी, त्याच्या शाळेत जाऊन.

रानवारा
शिरीषफूल ताई, लिहीत राहा.

मीठभाकर
+१. आणि शाळेत जाऊन, हे महत्त्वाचं. घरात कुणी खरं बोलत नाही.

देशमुख_वाड्यावरचे
वाचून विचारात पडलो. तरीही मी म्हणेन, सरकारने घरात फार नाक खुपसू नये. आमच्या काळी आत्या-मामांकडे कितीतरी मुलं वाढली. कुठली समिती नव्हती.

गोदाकाठ
काका, वाढली, आणि काही नुसती राबली. आमच्या समितीपुढे आत्याकडे 'शिकायला' ठेवलेल्या मुली यायच्या, हातावर भांड्यांच्या साबणाचे चरे घेऊन. आत्या वाईट असते असं नाही. पण बघणारं कुणी बाहेरचं असलं की आत्याही जरा सावरून वागते.

मीठभाकर, तुमच्यासारख्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, गावातच राहून शिकायची सोय. ती दिवाळीआधी सुरू झाली आणि मार्चमध्ये बंद पडली नाहीत तर बालगृहाची पायरी चढावी लागत नाही. पण ते खातं शिक्षणाचं, बालगृह महिला व बाल विकासचं, आणि दोघांची फाइल एकमेकींना भेटत नाही. माझ्या मते जिल्ह्यात मुलं कमी करायची पहिली जागा ही. उशिरा सुरू झालेल्या वसतिगृहाबद्दल कलेक्टरने शिक्षणाधिकाऱ्याला विचारावं, बालगृहाला 'आज किती' विचारू नये.

टंकलेखक
हे पटलं. आणि दुसरी जागा म्हणजे अठरा पूर्ण होणारी मुलं. तीही 'कमी' होतात, वाढदिवसाच्या दिवशी. अनुरक्षण गृहात (बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीचं वसतिगृह) एकविसापर्यंत राहता येतं, पण जागा किती, आणि किती मुलांना हे सांगितलं जातं? २०१८ पासून राज्यात अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूल संस्थेत असतानाच काढणं सोपं. बाहेर पडल्यावर धावाधाव.

पैलतीर
सगळ्यांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर आता असं बनतंय : आकडा बघावा, पण एकटा नाही. त्याच पानावर आणखी दोन आकडे हवेत. घरी गेलेल्यांपैकी वर्षभरात परत किती आली, आणि दारापाशी येऊन मदत मिळाल्याने आत यावंच न लागलेली किती. पहिला आमच्याकडे मोजतात पण मथळ्यात येत नाही. दुसरा मोजणं अवघड, म्हणून त्याच कामाचे पैसे आधी कापले जातात. शिवाय इंग्लंडच्या आकड्यात एकटी आलेली निर्वासित मुलंही असतात. ती वाढली तर कुणाच्या घरात बिघाड झाला असं नाही, आणि त्यांना कमी करून पाठवणार कुठे?

सोमवारी टीम मीटिंग आहे. शिरीषफूलचं 'पुन्हा विचारा, शाळेत जाऊन' तिथे सांगेन, नाव न घेता. चालेल ना?

शिरीषफूल
चालेल की.

अंजनेरी
विषयाला सोडून आहे, पण नाहीही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी गेल्या वर्षी वारली, जावई आधीच नाही. दोन नातवंडं मावशींकडे, सहावीत आणि तिसरीत. गावातलं कुणीतरी म्हणतंय, आश्रमात टाका. बालसंगोपनाचा अर्ज कुठे करायचा? एजंट दोन हजार मागतोय.

गोदाकाठ
एजंटाला एक पैसा देऊ नका, अर्जाला फी नाही. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जायचं. दोन्ही पालकांचे मृत्यूचे दाखले, मुलांची आणि मावशींची आधार, शाळेचं बोनाफाईड, तलाठ्याचा किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलांसोबत घरापुढे काढलेला मावशींचा फोटो. मग गृहभेट होते आणि समिती आदेश काढते. दोन मुलांचे दोन अर्ज करा, एकच केला तर एकालाच मिळतात. वेळ लागला तर थेट समितीच्या बैठकीला मावशींना घेऊन जा, कुणीही जाऊ शकतं. जिल्हा कुठला?

अंजनेरी
नाशिक. मावशी विचारतायत, मृत्यूच्या दाखल्यावर मुलीचं माहेरचं आडनाव पडलंय, आधारवर सासरचं. चालेल का?

टंकलेखक
तिथेच अडवतील. आधी दाखल्यात दुरुस्ती करून घ्या, जिथे मृत्यू नोंदला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. लग्नाचा दाखला किंवा मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव पुरावा म्हणून जोडा. तोवर अर्ज आवक करून ठेवा आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.

अंजनेरी
सोमवारी सुट्टी काढून जाते त्यांच्याबरोबर.